लाल गाडीचा फुटका आवाज

त्याला सगळे फुंकणी म्हणत. नाव ठेवलं होतं त्याच्या थोरल्या भावाने. लहानपणी ह्याच्या हाताला कुठलीही नळी लागली की हा तिला तोंड लावायचाच. सायकलचा पंप, बागेतला रबरी पाइप, पडद्याची पोकळ दांडी, काही म्हणून सोडायचा नाही. आई ओरडायची, वडील कान पिळायचे आणि दादा मात्र गडाबडा लोळून हसायचा. पुढे फुंकणीने गाड्यांचे सायलेन्सर बनवायचं दुकान काढलं, तेव्हा दादा म्हणाला, "चला, शेवटी फुंकण्याचेही पैसे देणारं कोणीतरी भेटलं."

आणि खरोखरच तो फुंकायचा. नवा पाइप जोडून झाला की एका टोकात ओल्या फडक्याचा बोळा कोंबायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावून गाल टम्म फुगवायचे आणि जोडावर साबणाचं पाणी सोडून बुडबुडा येतो का ते बघायचं. बाकीच्या दुकानांत त्यासाठी हवेची मशिनं होती. ह्याला कोणी मशीन सुचवलं की हा हात झटकायचा. "मशीन नुसतं फुगवतं हो. कुठे निसटतंय ते मला ओठांना कळतं." संध्याकाळी घरी आला की तोंडाभोवती काळं वर्तुळ असायचं. बायकोने त्याबद्दल बोलायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

दुकान गोदामांच्या मागच्या रस्त्यावर होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला गादीवाला. टायरवाल्याशी ह्याचं चांगलं गुळपीठ होतं, पण गादीवाल्याशी उभा दावा. बिचाऱ्याचं गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन, डोळे मिटून, मऊ आहे की कडक ते बघत असायचं आणि नेमकं त्याच वेळी भिंतीपलीकडे एखादं इंजिन डरकाळी फोडायचं. गिऱ्हाईक उडी मारून उठायचं ते थेट बाहेर.

फुंकणी हाडाचा कारागीर होता आणि हाडाच्या कारागिराचा असतो तो सगळा ताप त्याच्या घरच्यांना होता. फुटका आवाज त्याला सहन व्हायचा नाही. रस्त्याने चालताना शेजारून एखादी गाडी फुरफुरत गेली की हा तिच्यामागे धावायचा आणि सिग्नलला काच वाजवून सांगायचा, "तुमचं गॅसकेट गेलंय." लोक आधी दचकायचे, मग चिडायचे. सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत तर त्याने कहर केला. सगळे मान खाली घालून शववाहिनीमागे चालले होते. हा हळूच पुढे सरकला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "दुसऱ्या जोडाला गळतंय, उद्या दुकानात आणा." पुढे कितीतरी दिवस बायको त्याच्याशी भिंतीकडे बघून बोलत होती.

त्याची आणखी एक रीत होती, आणि ती सांगितलीच पाहिजे. त्या धंद्यात एक लबाडी चालते. गंजलेला सायलेन्सर गाडीखालून काढायचा, भोकं बुजवायची, काळा रंग फासायचा आणि दुसऱ्याच कोणाच्यातरी गळ्यात नवा म्हणून बांधायचा. फुंकणीला ह्या प्रकाराची चीड होती. म्हणून त्याच्याकडे जुना माल निघाला की तो ग्राइंडर घ्यायचा आणि सायलेन्सर उभा फाडायचा, पाइपाचे तुकडे करायचा. त्याच संध्याकाळी भंगारवाल्याची गाडी यायची आणि सगळं घेऊन जायची. काढलेली वस्तू दुकानात रात्रभर राहू द्यायची नाही, हा त्याचा नियम. तो मोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

आता दादाविषयी. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये लोक अडकले की दादाला बोलावणं यायचं. वरच्या मजल्यावरून दाराच्या फटीला तोंड लावून हा आधी आतल्यांना विनोद सांगायचा, ते हसायला लागले की मग हत्यारं काढायचा. "घाबरलेला माणूस लिफ्टपेक्षा जड असतो," असं म्हणायचा. फुंकणी जितका कुरकुऱ्या, तितका दादा मोकळा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही.

लाल गाडी दोघांची. दोन माणसांपुरती, बुटकी, उघड्या टपाची, लांब नाकाची. दोघांचीही लग्नं व्हायची होती तेव्हा एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात ती ताडपत्रीखाली सापडली. लाल रंगापेक्षा गंजच जास्त होता. दादाने इंजिन घेतलं, फुंकणीने खालची बाजू. रोजचं काम संपवून दोघं तिच्या अंगावर पडायचे. तिला चालती करण्यात त्यांची काही वर्षं गेली. अखेर ती सुरू झाली त्या दिवशी गडबडीत फुंकणीने जो काही जुनापुराणा पाइप मिळाला तो ठोकून ठोकून बसवला, सायलेन्सरच्या भोकावर पत्र्याचं ठिगळ लावलं आणि म्हणाला, "हे तात्पुरतं हं. नीट करतो मागाहून."

ते मागाहून कधी आलंच नाही. साऱ्या गावाच्या गाड्यांना नवे पाइप बसवणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या गाडीला जन्मभर तात्पुरता पाइप. इंजिनाला चिकटून, चारही सिलिंडरांचा धूर गोळा करणारा बिडाचा मॅनिफोल्ड होता, त्याला तिसऱ्या नळीपाशी तडा गेला होता. गाडी थंड असली की तिथून टिक टिक टिक असा आवाज यायचा, तापली की तडा मिटायचा आणि टिकटिक थांबायची. मधला पाइप कुठल्याशा दगडावर आपटून चेपला होता. आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून खॉक-खॉक असे दोन ठसके, दर वेळी दोनच. दादाला ह्याची भारी गंमत. म्हणायचा, "जगाला घसा देतोस आणि आपली ही कायमची सर्दीत! अरे, मरायच्या आधी एकदा तरी हिचा खरा आवाज ऐकव की मला."

"करतो रे. ह्या सुट्टीत करतो."

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. गाडी फुंकणीच्या दुकानामागच्या शेडमध्ये असायची. रविवारी सकाळी तो ती घेऊन दादाच्या घराखाली जायचा, दादा खिडकीतून ओरडायचा आणि दोघं गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जाऊन यायचे. वहिनींनी ह्या फेरीत कधी नाक खुपसलं नाही. त्या म्हणायच्या, तेवढाच मला घरात निवांतपणा.

मग दादा विसरायला लागला.

आधी हत्यारं विसरला, मग रस्ते. एकदा दुपारभर सापडेना. शेवटी तो एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये वरखाली करताना मिळाला. कोणत्या मजल्यावर उतरायचं ते आठवत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. त्याने त्याचाही विनोद केला. मग माणसं पुसली जायला लागली. एका रविवारी गाडीची बॅटरी उतरली म्हणून फुंकणी बसने गेला. दार दादानेच उघडलं. ह्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आत वळून वहिनींना म्हणाला, "अगं, हे काहीतरी पोचवायला आलेत. घे बरं त्यांच्याकडून."

फुंकणी हसला, कारण दादाच्या थट्टेला हसायची जन्माची सवय. मग त्याने वहिनींचा चेहरा पाहिला. तो तसाच जिना उतरून खाली आला आणि पायरीवर बसून राहिला.

पुढच्या रविवारी तो गाडी घेऊन गेला. वळणावर गाडी ठसकली, खॉक-खॉक, आणि वरची खिडकी धाडकन उघडली. "आला! आला आमचा फुंकणी!" दादा चपला न घालताच खाली आला. "काय रे, अजून सर्दी गेली नाही वाटतं हिची?" म्हणाला. पाठीत धपाटा घातला, गाडीच्या नाकावरून हात फिरवला, शेजारी बसला. टेकडीपर्यंत तो तोच जुना दादा होता. परत येऊन इंजिन बंद झालं, आणि ते निवत गेलं तसा दादाही हळूहळू निघून गेला. पण तेवढा वेळ तो होता.

त्यानंतर फुंकणीने एक रविवार चुकवला नाही. ताप असला तरी गेला. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, माझं नावसुद्धा आता घेत नाहीत ते. पण त्या आवाजाला उठतात. त्या एका सकाळवर आमचा आठवडा निघतो." डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं होतं कधीकधी, जे टिकलंय ते जपा. आता एवढं स्पष्ट सांगितल्यावर माणसाने काय करावं? जपावं. पण फुंकणीला जपणं माहीत नव्हतं. त्याला दुरुस्त करणं माहीत होतं.

त्यात हळूहळू तेही ओसरायला लागलं. दादा खिडकीशी उशिरा यायला लागला. मग वहिनींना त्याला हाताला धरून आणावं लागलं. एकदा तर खुर्चीतूनच म्हणाला, "कुठेतरी गाडी वाजतेय," आणि पुन्हा गप्प. फुंकणी खाली गाडी उभी करून इंजिन रेटत होता, वर कोणी येत नव्हतं. त्या दिवशी दादा शेवटी खाली आला, पण ह्याचं नाव घ्यायला त्याला टेकडीपर्यंत जावं लागलं.

परतताना फुंकणीने सगळा दोष गाडीवर घातला. तडा रुंदावलाय. सायलेन्सरच्या आतलं भरण जळून गेलंय. आवाज विरतोय, वरपर्यंत पोचतच नाही, मग दादा तरी काय करणार? फुटक्या आवाजाला जर तो तासभर जागा होत असेल, तर खऱ्या आवाजाला किती होईल! आणि मागितला होताच की त्याने तो. जन्मभर मागितला होता. फुंकणीला स्वतःचीच लाज वाटली, इतकी वर्षं आपण एवढं साधं काम केलं नाही म्हणून.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. ती थांबली.

"अहो, आहे ते चाललंय ना? मग त्याला हात कशाला लावता?"

"चाललंय कुठे? बंद पडत चाललंय. मागच्या वेळी बघितलं नाहीस तू."

"ते दादांचं बंद पडत चाललंय. गाडीचं नाही."

ह्यावर तो असा काही भडकला की टायरवाल्यापर्यंत आवाज गेला असेल. तुला ह्यातलं काय कळतं, म्हणाला. ती पुन्हा दोरीकडे वळली. तिला जे कळलं होतं ते त्यालाही कळलं होतं, म्हणून तर तो भडकला.

त्या आठवड्यात त्याने दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि लाल गाडी जॅकवर चढवली. जुने बोल्ट निघेनात, त्यांना तापवून, तेल पाजून, शिव्या घालून काढलं. बिडाचा मॅनिफोल्ड हातात आला तेव्हा त्याचा तडा त्याने अंगठ्याने चाचपला आणि चुकचुकला. मग कामाला लागला. स्टेनलेस स्टीलच्या चार नळ्या, चारही सारख्या लांबीच्या, म्हणजे चारही सिलिंडरांचा धूर एका लयीत बाहेर पडावा. वाकवून, कापून, घासून, वेल्डिंगचे टाके मारून त्याने त्या एका तोंडाला आणल्या. दोनदा मनासारखं जमलं नाही, दोनदा सगळं तोडून पुन्हा सुरू केलं. तिथून पुढे रुंद, गुळगुळीत पाइप, कुठे चेप नाही, कुठे अडथळा नाही. सायलेन्सर त्याने स्वतः वळला, आत जाळीची नळी घातली, भोवती भरण दाबून बसवलं. धूर मोकळा झाला तर पेट्रोलही वाढवावं लागतं, म्हणून कार्बोरेटरमधले जेटही बदलले. आणि दर जोडापाशी गाल फुगवून फुंकून पाहिलं. एक बुडबुडा नाही.

त्या दिवसांत तो सुखात होता, खोटं कशाला बोला. कितीतरी महिन्यांनी त्याला नीट भूक लागली. काम करताना तो दादाशी मनातल्या मनात बोलायचा. बघ आता, म्हणायचा. आता खिडकी उघडशील ना, तर तिचं तावदान फुटेल.

जुना माल कोपऱ्यात पडला होता. शेवटच्या दिवशी झाडलोट करताना त्याचा हात आपोआप ग्राइंडरकडे गेला. त्याने सायलेन्सर उभा फाडला. चेपलेल्या पाइपाचे तुकडे केले. मॅनिफोल्ड तड्यावरच घण घालून दुभंगला. ज्या हातांनी ही गोष्ट जन्मभर केली त्यांना हा माल कोणाचा आहे हे विचारायचं सुचलं नाही. संध्याकाळी भंगारवाला आला आणि पोत्यात भरून घेऊन गेला.

रविवारी सकाळी त्याने गाडी सुरू केली, आणि रस्ता थबकला. जाड, गोल, खोल आवाज, कुठे ओरखडा नाही. टायरवाला हातातला टायर टाकून बाहेर आला. गादीवालासुद्धा आला, कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला. "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या दुकानातला आवाज ऐकून मला झोपावंसं वाटलं," म्हणाला. त्याच्याकडून ही केवढी पावती! फुंकणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सारी वाट तो हसत गेला. वळणावर त्याने पाय काढला, ठसका आला नाही, गाडी नुसती गुरगुरत खाली उतरली. दादाच्या घराखाली त्याने ती थांबवली आणि वर पाहिलं. खिडकी बंद. त्याने इंजिन रेटलं. समोरच्या घराच्या गॅलरीत दोन मुलं आली आणि टाळ्या वाजवायला लागली. खिडकी बंदच. त्याने पुन्हा रेटलं, पुन्हा, आता जरा जोरात. मग खिडकी उघडली. वहिनी होत्या. त्यांनी त्रासिक चेहऱ्याने, खाली न बघताच, झडप हिसका देऊन घट्ट लावून घेतली.

तो जिने चढून वर गेला. वहिनींनी दार उघडलं.

"आलात होय भावोजी? आज उशीर केलात. खाली कोण मेला एवढा आवाज करतोय हो? ह्यांनी कानांवर हात ठेवलेत." मग त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत त्या म्हणाल्या, "गाडी नाही आणली का आज?"

तिथे, त्या दारात, फुंकणीला आपण काय केलं ते समजलं. ज्या बाईने इतक्या रविवारी तो आवाज ऐकला होता तिलासुद्धा आवाजावरून ही गाडी ओळखता आली नव्हती. आत दादा खुर्चीत बसला होता, दोन्ही हात कानांवर ठेवून, भेदरलेल्या मुलासारखा. फुंकणीने त्याच्यासमोर गुडघे टेकले. "दादा, मी आहे. हिचा खरा आवाज ऐकायचा होता ना तुला? केला बघ." दादाने हात खाली घेतले आणि नम्रपणे मान हलवली, अनोळखी माणसाला हलवतात तशी.

खाली उतरून तो थेट भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाला म्हणाला, "तुमचा माल? तो दाबला की. गठ्ठा होऊन भट्टीला गेला पण." फुंकणीने त्याचा हात धरला. कुठली भट्टी, कुठे आहे, चल. भंगारवाला भला माणूस. त्याने हात सोडवून घेतला नाही, नुसतं म्हणाला, "अहो, आता वितळून त्याचं दुसरंच काहीतरी झालं असेल."

मग सुरू झालं ते बघवत नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर भोकं बुजवली तो भोकं पाडायला लागला. आपल्याच नव्या नळीला, तिसऱ्या, त्याने बारीक ड्रिल घातलं. टिक टिक आली, पण तापल्यावर थांबेना, कारण भोक मिटत नाही, तडा मिटतो. मग त्याने मधला पाइप काढून घणाने चेपला. गाडी घुसमटली, पण ठसकेना. जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून तसाच बिडाचा मॅनिफोल्ड शोधून आणला, तो तापवून त्यावर पाणी ओतलं. तडा गेला, पण भलतीकडेच. गंजका सायलेन्सर मिळवला, त्याला पत्र्याचं ठिगळ लावलं. ठसके आले, तर एक आला, नाहीतर चार आले. दोन काही येईनात. दर आवाज फुटका होता आणि एकही तो नव्हता. चांगला आवाज त्याने कितीदा तरी हुकमी काढला होता. पण हा बिघाड कोणी बनवला नव्हता, तो वर्षांनी आपोआप झाला होता, आणि तेवढी वर्षं आता दोघांकडेही नव्हती.

मोबाइलही धुंडाळले. फोटो ढीगभर, सगळ्यांत गाडी उभी. चालत्या गाडीचं चित्रण एकच सापडलं, त्यात दादा गाडी चालवत होता आणि फुंकणी शेजारी बसून सगळा वेळ तक्रार करत होता, "ऐका, ऐका, कशी फुटकी वाजतेय." त्याच्या बडबडीखाली गाडीचा आवाज बुडून गेला होता. वहिनींनी ते दादाच्या कानाशी धरलं. दादा म्हणाला, "हा कोण एवढा बोलतोय?"

एके दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली. तो जमिनीवर बसून आपल्या चार सुंदर नळ्यांवर हातोडा घालत होता, आणि एका नळीला कान लावून ऐकत होता, आणि पुन्हा घालत होता. तिने डबा खाली ठेवला. मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. ती मात्र त्याच्या तोंडाभोवतीचं काळं पदराने पुसायला लागली, आणि तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून धाय मोकलून रडला. पलीकडे गादीवाल्याने गिऱ्हाइकाला गप्प बसवलं.

तरी तो रविवारी गेला. गाडी आता भयंकर वाजत होती. नवं आणि मोडकं एकमेकांना बांधलेलं, धूर सगळीकडून निसटत होता, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. वळणावर तिने ठसके दिले. किती, ते त्याने मोजलं नाही. खाली थांबून त्याने इंजिन तसंच चालू ठेवलं, आणि वर बघायचा धीर होईना म्हणून स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला.

जिन्यात पावलं वाजली. दादाची. ती त्याने झोपेतही ओळखली असती. दादा एकटा खाली येत होता, वहिनी चार पायऱ्या मागे, तोंडावर हात धरून. दादा गाडीजवळ आला, तिला वळसा घालून मागे गेला, कमरेत वाकला आणि कानामागे हात धरून ऐकायला लागला. अगदी तसाच, जुन्या दिवसांत वाकायचा तसा. बराच वेळ ऐकलं. मग पुढे येऊन त्याने फुंकणीच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो," दादा म्हणाला, "तुमचा सायलेन्सर पार कामातून गेलाय."

"हो," फुंकणी म्हणाला.

"कुठे दाखवलात की नाही?"

"दाखवला. नाही जमलं."

"मग काळजी करू नका. माझा धाकटा भाऊ हेच काम करतो. त्याच्यासारखा हात तुम्हाला कुठे मिळायचा नाही, मी भाऊ म्हणून नाही सांगत." बोलताना दादाचा चेहरा फुलला होता. कितीतरी दिवसांत फुललेला पाहिला नव्हता, तसा. "आज रविवार ना? येईलच तो एवढ्यात. आमची लाल गाडी आहे, ती घेऊन येतो."

"दादा," फुंकणी म्हणाला. "अरे दादा, मीच तो."

दादाने त्याच्या पिकल्या केसांकडे, सुजल्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मग हसला, समोरच्याचं मन मोडू नये अशा बेताने. "नाही हो. तो लहान आहे अजून."

फुंकणीने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं आणि रस्ता शांत झाला. वहिनी जिन्याच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या.

"थांबता ना?" दादाने विचारलं. "फार वेळ नाही लागायचा."

"थांबतो," फुंकणी म्हणाला. तो गाडीतून उतरला, दार लावलं आणि दादाच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि दादा बघत होता त्या वळणाकडे तोही बघू लागला.